गूंगीदह : मुक्काम कोणत्या काठावर?

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण कोणाचं, असं कोणी विचारलं तर मी सावरगावकर बाईंचं नाव घेतो. माझी आईही त्याला हरकत घेत नाही. परतूरच्या शाळेत बाई आम्हाला गणित शिकवायच्या. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. वडील मोंढ्यात हमाली करत आणि घर एका खोलीचं होतं. दहावीनंतरची दोन वर्षं बाईंनी मला अभ्यासासाठी स्वतःच्या घरी ठेवून घेतलं आणि आपल्या ताटाशेजारी माझं ताट वाढलं. पुढे मी पदवीधर झालो. आता जयपूरला एका कंपनीत आहे आणि दुर्गापुऱ्यात भाड्याच्या घरात राहतो.

याच दुर्गापुऱ्यात बाई लग्नानंतर दोन वर्षं राहिल्या होत्या. त्यांचे यजमान केंद्र सरकारच्या एका खात्यात नद्यांचं पाणी मोजायच्या कामावर होते. मी जन्मायच्या आधीची गोष्ट. एका भाद्रपदात ते गूंगीदहचा धबधबा मोजायला गेले आणि परत आले नाहीत. खडकावर चपला आणि नोंदवही सापडली. बाई नेसत्या साडीनिशी तिथे गेल्या, पलीकडच्या काठावरच्या सरकारी बंगल्यात अकरा दिवस राहिल्या, आणि मग माहेरी परतूरला येऊन शिक्षिका झाल्या. मंगळसूत्र त्यांनी काढलं नाही. नातेवाईक कुजबुजायचे. बाई म्हणायच्या, "मला अजून कोणी काही सांगितलेलं नाही. सांगेल त्या दिवशी बघू."

यंदा त्यांचा फोन आला. "भागवत, गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय. त्याआधी एकदा गूंगीदहला जाऊन येऊ. तो आवाज मला पुन्हा ऐकायचाय. जमलं तर त्याच बंगल्यात राहू. तू आधी जाऊन बघून ये. पायऱ्या किती आहेत, संडास कसला आहे, सगळं नीट बघ."

म्हणून ही सहल. हे छापायला मी बाईंची परवानगी घेतली आहे. त्यांनी एकच अट घातली, की शेवटी दिलेलं पत्र होतं तसंच द्यायचं.

शनिवार : पलीकडचा काठ

माझ्याबरोबर केतन होता. ऑफिसातला माझ्याहून लहान सहकारी. जन्म आणि शिक्षण वैशाली नगरात. वडील विम्याच्या नोकरीत बदली होऊन जयपूरला आले ते इथलेच झाले. त्यामुळे केतनचं मराठी अर्धं हिंदीतून येतं. गाडी त्याची होती, म्हणून रस्ताभर गाणीही त्याचीच ऐकावी लागली. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

गूंगीदहची नदी म्हणजे दोन राज्यांची हद्द. अलीकडे राजस्थान, पलीकडे मध्य प्रदेश, आणि हद्दीच्या नेमक्या रेषेवर पाणी खाली पडतं. खाली खोल, काळपट हिरवा डोह आहे. डोहाच्या या काठापासून त्या काठापर्यंत फार तर दोनशे पावलं असतील, पण पावलं टाकायला जागा नाही. एका काठावरून दुसऱ्या काठावर जायचं तर पुलावरून वीस-बावीस किलोमीटरचा फेरा पडतो. त्यामुळे इथे येणाऱ्याला मुक्कामाचा काठ आधी ठरवावा लागतो. बहुतेक लोक पलीकडचा ठरवतात, कारण बंगला तिकडे आहे.

बंगला आता पर्यटकांसाठी नवा केलेला आहे. भिंती पिवळ्या, कुंड्यांत शोभेची झाडं, व्हरांड्याला रंगीत दिव्यांच्या माळा. मी वहीत लिहून घेतलं: पायऱ्या तीन, कठडा आहे, कमोड आहे, गरम पाणी सकाळी मिळतं. नाश्त्याला पोहे, वर शेव आणि बाजूला जिलेबी. आपल्याकडे पोह्यांबरोबर जिलेबी खाल्ली तर घरात कोणाचा वाढदिवस आहे का असं विचारतील. इथे तो रोजचा रिवाज आहे.

"भागवतदादा, फायनल करून टाक ना," केतन जिलेबी खात ओरडला. तिथे ओरडल्याशिवाय बोलताच येत नाही. "कमोड आहे, पोहे आहेत. मतलब, बाईंना आणखी काय पाहिजे?"

आवाजाबद्दल मात्र लिहायला हवं. धबधब्याचा आवाज मी आधीही ऐकला होता, पण इथला आवाज थांबत नाही, चढत नाही आणि उतरतही नाही. खिडकीच्या काचा सतत बारीक थरथरतात. टेबलावर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी कधीच स्थिर नसतं. वाढणारे लोक आपल्या डोळ्यांकडे बघत नाहीत, ओठांकडे बघतात. दुपार सरेपर्यंत मला वाटायला लागलं की आपण आवाज ऐकत नसून आवाजाच्या आत बसलो आहोत.

पहाटे जाग आली ती नावं ऐकून. आमच्या वर्गाची हजेरी चालू होती. अंभोरे, आढे, इंगळे. एकेक नाव स्पष्ट येत होतं आणि प्रत्येक नावामागून "हजर" येत होतं. मग एका नावापाशी हजेरी थांबली. ते नाव मला नीट कळलं नाही. ते पुन्हा घेतलं गेलं, आणखी एकदा घेतलं गेलं, आणि उत्तर आलंच नाही. मी उठून बसलो तेव्हा बाहेर उजाडत होतं आणि फक्त पाणी पडत होतं.

चहा घेताना मी हे व्यवस्थापकांना सांगितलं. ते हसले. "सबको कुछ न कुछ सुनाई देता है, साहब. पिछले महीने एक मैडम को तीन दिन कुकर की सीटी सुनाई दी. बेचारी बार-बार उठकर गैस देखती थीं. आप तो सस्ते में छूटे."

केतनला काय ऐकू आलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "काही नाही," आणि लगेच दुसरीकडे बघायला लागला.

रविवार : अलीकडचा काठ

मुक्काम तिथेच ठरवून निघायला हरकत नव्हती. पण बाईंनी आम्हाला एक सवय लावली आहे. उत्तर बरोबर आलं असं वाटलं तरी ताळा करून बघायचा. अलीकडच्या काठावर एक धर्मशाळा आहे असं कळलं होतं, तीही बघून यायचं मी ठरवलं. केतन कुरकुरला. "धर्मशाळेत कमोड असणार नाही, हे मी इथूनच सांगतो. पेट्रोल वाचेल, भैया." सामान बंगल्यातल्या खोलीत ठेवून आम्ही निघालो.

पूल ओलांडून शेवटच्या वळणावर आलो आणि केतनने गाडी थांबवली. काच खाली केली. पुन्हा वर केली. "दादा, माझे कान बंद झालेत का?"

समोर धबधबा होता. तोच, तेवढाच. वरच्या कड्यावरून पांढरं पाणी अखंड खाली येत होतं आणि त्याला आवाज नव्हता. काचेच्या पेटीत कोणी धबधबा ठेवावा तसं ते दिसत होतं. नंतर पाहिलं तर कारण साधं होतं. या बाजूने खडकाचा एक मोठा सज्जा पुढे आला आहे. पाणी पडताना दिसतं, पण आदळतं ती जागा सज्ज्याआड राहते आणि आवाज तिथून पलीकडे फेकला जातो. हे कारण समजल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कानांना काही कळत नव्हतं, पण चपलांच्या तळव्यांतून एक बारीक थरथर पोटऱ्यांपर्यंत चढत होती. गावातली माणसंही हळू बोलत होती, जणू आत कोणी झोपलं आहे. पलीकडचे लोक या धबधब्याला नुसतं 'झरना' म्हणतात. गूंगी, म्हणजे मुकी, हे नाव या काठाने दिलेलं आहे.

धर्मशाळा चार खोल्यांची आहे. ती सांभाळतात बादामबाई. वय पंचाहत्तरच्या पुढे असावं. घागरा-ओढणी, हातांवर गोंदण, चालणं मात्र झपाझप. पुढचे दात नाहीत, तरी हसायला मागे नाहीत. त्यांनी मला आणि केतनला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"दोन्यूं भाई हो?"

"नहीं अम्मा, साथ में नौकरी करते हैं."

"भलो. ये मोटो घणो है, भाई होतो तो थारे हिस्से की रोटी भी खा जातो."

भाऊ असता तर या जाड्याने तुझ्या वाटची रोटीही खाल्ली असती, असं त्यांचं म्हणणं. केतनला हे आवडलं नाही. पण जेवण समोर आल्यावर तो ते विसरला. मक्याच्या रोट्या, उडदाची डाळ, लसणाची चटणी आणि मडक्यातलं ताक. ताकात नुसतं मीठ. आपल्यासारखं जिरं-कोथिंबीर नाही. पण दह्याचा आंबटपणा असा की दोन घोटांत डोळे उघडावेत. बादामबाई 'पाणी' हा शब्द आपल्यासारखाच 'ण'चा उच्चार करून म्हणत. घर सोडून इतक्या लांब आल्यावर तेवढ्यानेही जवळचं वाटलं.

मी जेवायला बसलो आणि नेहमीप्रमाणे चित्राहुती घातली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवायचं आणि उजव्या हाताला अन्नाचे लहान लहान घास काढून ठेवायचे. आमच्या घरी ही रीत नव्हती. बाईंकडे राहायला गेल्यावर त्यांनी ती मला लावली, कारण त्यांच्या यजमानांची ती सवय होती आणि त्यांच्या मागे घरात ती पाळणारं कोणी नव्हतं. यजमानांची रीत थोडी वेगळी होती. पाचवा घास बाकीच्या चारांपासून वीतभर दूर ठेवायचा आणि त्यावर ताकाचा एक थेंब सोडायचा. असं का, ते बाईंनाही ठाऊक नव्हतं. मी दुसऱ्या कुठल्याही घरी ते पाहिलेलं नाही.

भात नव्हता म्हणून मी रोटीचे तुकडे ठेवले. पाचवा लांब ठेवला. त्यावर ताक सोडलं.

बादामबाई रोटी घेऊन येत होत्या. त्या जागीच थांबल्या. मग सावकाश खाली बसल्या आणि त्या पाचव्या तुकड्याकडे बघत राहिल्या.

"या कुण सिखाई तने?" त्यांनी विचारलं. हे तुला कोणी शिकवलं?

मी म्हणालो, "माझ्या बाईंनी. मेरी गुरुमाँ ने."

"अठै एक बाबू यूं ही जीमता," त्या म्हणाल्या. इथे एक बाबू असंच जेवायचे.

पुढचं बोलणं मी सलग लिहितो, पण ते सलग झालं नाही. मी विचारायचो, त्या उत्तर द्यायच्या, मग उठून चुलीकडे जायच्या, परत यायच्या. एका भाद्रपदात दशमीच्या सकाळी तो माणूस सज्ज्याखाली गाळात सापडला. जिवंत होता. डोकं फुटलेलं होतं. गावकऱ्यांनी त्याला इथल्या कोपऱ्यातल्या खोलीत आणलं आणि डोकं, तोंड फडक्यांनी बांधून ठेवलं. चार महिने तो एक शब्द बोलला नाही. पुढे बोलायला लागला तो फक्त आकडे. रोज सकाळी दोरीला दगड बांधून डोहात सोडायचा आणि हात मोजून आकडा सांगायचा. गावाने त्याला दशमीबाबू हे नाव दिलं. दोन पावसाळे तो इथे राहिला. दुसऱ्या थंडीत तापाने गेला. गावकऱ्यांनीच त्याला खालच्या घाटावर अग्नी दिला. राख याच पाण्यात सोडली.

केतनने रोटी खाली ठेवली. "और आपने किसी को बताया नहीं? थाने में? उनके घरवालों को?"

"थाणो तो पार को है," त्या म्हणाल्या. ठाणं पलीकडचं, चौकशीही पलीकडच्या राज्यात चालली होती. इकडे कोणी विचारायला आलंच नाही. आणि आलं असतं तरी. "पाणी को दियो, पाछो कोनी भेजां." पाण्याने दिलेला माणूस आम्ही परत पाठवत नाही.

आपण "पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवत नाही" म्हणावं इतक्या सहज त्यांनी हे सांगितलं. गावाची रीतच ती आहे. पाणी ज्याला जिवंत सोडतं त्याचं नाव-गाव विचारायचं नाही आणि त्याला त्याच्या घरी पोचवायचं नाही. त्यांच्या सासूच्या काळी एकाला पोचवलं होतं. त्याच पावसाळ्यात गावातली तीन माणसं डोहात गेली.

"हा गुन्हा आहे," केतन मला म्हणाला. "मतलब, सरळ सरळ गुन्हा आहे, दादा."

त्याचं मराठी त्यांना कळलं नसेल, पण सूर कळला. "म्हे बांध्यो कोनी," त्या शांतपणे म्हणाल्या. "किवाड़ खुलो छो." आम्ही त्याला बांधून ठेवलं नव्हतं. दार उघडं होतं.

मी विचारलं, "ते बोलत नव्हते त्या दिवसांत त्यांना शोधायला कोणी आलं होतं का?"

बादामबाईंनी हात वर करून डोहापलीकडे दाखवलं. "एक लुगाई आई छी. हरी साड़ी में. बंगला का बरामदा में रोज ऊभी रहती. ग्यारा दिन. म्हे देखता. बाबू भी देखता, खिड़की में बैठ्या." हिरव्या साडीतली एक बाई आली होती, अकरा दिवस रोज व्हरांड्यात उभी राहायची; आम्ही बघायचो, खिडकीत बसून बाबूही बघायचे.

बाई नेसत्या साडीनिशी गेल्या होत्या हे मला माहीत होतं. साडीचा रंग माहीत नव्हता.

"ओळखायचे का ते तिला?"

"या तो पाणी जाणै." ते पाण्यालाच ठाऊक.

त्याच दिवशी, दुपारी

केतन सामान आवरायला पलीकडे गेला. इथे राहायचं की तिथे, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं. मी कोपऱ्यातली खोली उघडून मागितली.

खोलीची नोंद मी ठरल्याप्रमाणे घेतली. पायऱ्या पाच, कठडा नाही. संडास भारतीय पद्धतीचा, अंगणापलीकडे. मोबाइलला रेंज नाही. खाट एक, खिडकी एक. खिडकीच्या कट्ट्याचा दगड बसून बसून गुळगुळीत झाला आहे. मी त्यावर बसलो. समोर पांढरं पाणी पडत होतं, आणि त्याच्या उजवीकडे बंगल्याचा पिवळा व्हरांडा इतका स्वच्छ दिसत होता की कुंड्या मोजता याव्यात. मी मोजल्या. नऊ.

तासाभराने व्हरांड्यात केतन आला. त्याने निळा रेनकोट घातला होता. तो कठड्यापाशी आला, त्याने मला पाहिलं आणि दोन्ही हात हलवले. मग तोंडाभोवती हात धरून ओरडला. मला त्याचं उघडलेलं तोंड दिसलं. आवाज आला नाही. तो पुन्हा ओरडला. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या पायांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. काहीतरी विचारत होता.

मला फक्त हात वर करायचा होता. मी तो केला नाही. का केला नाही, हे मी पुष्कळ आठवून पाहिलं आहे. मी घाबरलो नव्हतो. मला तो केतन आहे हे माहीत होतं. पण ते माहीत असणं दूर कुठेतरी होतं, दुसऱ्या माणसाला माहीत असावं तसं. समोर एक निळा माणूस हातवारे करत होता आणि त्याचा माझ्याशी संबंध असलाच पाहिजे असं मला वाटत नव्हतं. तळव्यांखाली जमीन थरथरत होती. तेवढंच खरं वाटत होतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. तो आत निघून गेला तेव्हा मला थोडं बरंच वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याची भीती वाटली. मी उठून अंगणात आलो, मडक्यातलं पाणी तोंडावर मारलं आणि गाडीच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

केतन दोन्ही बॅगा घेऊन आला. गाडीतून उतरला तोच रागावलेला.

"मी एवढं ओरडून विचारत होतो, सामान घेऊन येऊ की तुला इकडे न्यायला येऊ? आणि तू नुसता बघत बसला! एक हात नाही हलवता येत?"

"ऐकू आलं नाही."

"ऐकू नाही आलं, पण दिसत तर होतं ना?" मग त्याचा आवाज खाली आला. "दादा, मी घाबरलो. मला वाटलं, तिथे तू नाहीच बसलेला."

त्या रात्री आम्ही कुठेच मुक्काम केला नाही. अंधार पडायच्या आत पूल ओलांडून हमरस्त्याला लागलो. निघताना बादामबाईंनी घाटाजवळचा एक सपाट दगड दाखवला. दर भाद्रपदात त्या तिथे ताक सोडतात. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "थारी गुरुमाँ ने ल्याजे." तुझ्या गुरुमाँला घेऊन ये. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधी असं काही नव्हतं. लेकीला माहेरी बोलवावं तशा त्या बोलल्या.

जयपूरला आल्यावर तीन दिवस मी बाईंचा फोन उचलला नाही. केतनचं म्हणणं होतं, अर्धंच सांग. ते गेले, गावाने अग्नी दिला, एवढंच. दोन पावसाळे सांगू नकोस, खिडकी तर मुळीच नको. त्याचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. सोडाला भागातल्या पोस्टात जाऊन मी जे पत्र टाकलं ते हे:

तीर्थस्वरूप बाईंना शिरसाष्टांग नमस्कार.

फोन उचलला नाही, क्षमा असावी. हे मला तोंडाने सांगता आलं नसतं.

तुम्ही सांगितलं होतं तसे दोन्ही काठ बघून आलो. पलीकडच्या बंगल्यात पायऱ्या तीन आहेत, कठडा आहे, कमोड आहे. आवाज पूर्वी होता तसाच असावा. तुम्हाला तो पुन्हा ऐकायचा आहे, तर तो तिथेच ऐकू येतो.

अलीकडच्या काठावर धर्मशाळा आहे. पायऱ्या पाच, कठडा नाही, सोयी कमी. तिथे पाण्याचा आवाज येत नाही. तिथल्या बादामबाई नावाच्या वृद्ध बाईंनी मला जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो. यजमान त्या दिवशी बुडाले नाहीत. ते या काठाला लागले आणि कोपऱ्यातल्या खोलीत दोन पावसाळे राहिले. डोक्याला मार होता. चार महिने बोलले नाहीत. नंतरही आकड्यांपलीकडे बोलले नाहीत. दुसऱ्या थंडीत तापाने गेले. गावाने अग्नी दिला. जेवताना पाचवा घास लांब ठेवून त्यावर ताक सोडत. माझं ताट पाहून बादामबाईंनी हे आपणहून सांगितलं, मी आधी काही बोललो नव्हतो.

त्या खोलीच्या खिडकीतून बंगल्याचा व्हरांडा दिसतो. तुम्ही अकरा दिवस तिथे उभ्या होतात हे बादामबाईंना आठवतं. साडी हिरवी होती असं त्या म्हणतात. ते खिडकीत बसून बघत असत. ओळखत होते की नाही, हे त्यांना माहीत नाही. मीही त्या खिडकीत बसून पाहिलं. तिथे बसलेल्या माणसाला समोर हाक मारणारा दिसतो, पण उत्तर द्यायचं सुचत नाही. मला सुचलं नाही, आणि माझं डोकं शाबूत होतं. एवढंच मी त्यांच्या बाजूने सांगू शकतो.

हे लपवावं असं मला सांगण्यात आलं होतं आणि मलाही वाटलं होतं. पण तुम्ही इतकी वर्षं म्हणत आलात की मला कोणी सांगितलेलं नाही. सांगणारा मी असावा असं मला कधी वाटलं नव्हतं.

तुम्ही येऊ नये असं ठरवलंत तर मी सुट्टी काढून परतूरला येतो आणि ऑपरेशन होईपर्यंत राहतो. यायचं ठरवलंत तर दुर्गापुरा स्टेशनवर गाडी घेऊन उभा असेन. दोन्हीकडच्या खोल्यांसाठी सांगून ठेवलं आहे. तुम्ही सांगाल त्या काठावर तुमचं सामान उतरवीन.

आपला विद्यार्थी,
भागवत